तिसऱ्या पायरीवरून दिसणारी खिडकी

मी माझ्या जावयाला चुकीच्या पायऱ्यांवर बसवलं, आणि वर त्याचा फोटोही काढला.

मुलगी आणि जावई चार दिवसांसाठी बंगळूरहून आले होते. जावई मूळचा नागपूरकडचा. त्याला पुणं दाखवायची जबाबदारी मी कुणीही न सोपवता अंगावर घेतली होती. रविवारी सकाळी दोघांना घेऊन शुक्रवार पेठेत गेलो, ‘वाचनगृह’ नावाच्या बसस्टॉपपाशी उभा राहिलो आणि स्टॉपमागच्या मॅचिंग सेंटरच्या दोन पायऱ्यांकडे हात करून म्हणालो, “इथे. बस, बस. तिसरी पायरी आता नाही, दुसरीवर बस.” तो बिचारा बसला. पाठीमागे बंद शटरवर ब्लाउजपीसचे सत्तर रंग रंगवलेले होते. मी फोन आडवा धरला.

तेवढ्यात वरून आवाज आला, “काय शोधताय?”

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बनियन घातलेले एक आजोबा हातातला पेपर खाली करून आमच्याकडे बघत होते.

“शोधत नाही, दाखवतोय,” मी म्हणालो. “इथे जुनं सार्वजनिक वाचनगृह होतं.”

“चुकीचं दाखवताय. ते पलीकडच्या रस्त्याला होतं. इथे फक्त त्याचा बसस्टॉप आहे.”

“अहो, मी स्वतः दोन वर्षं बसलोय त्या पायऱ्यांवर.”

“बसला असाल. पण इथे नाही.” एवढं बोलून त्यांनी पेपर परत वर केला.

जावई अजून बसलेलाच होता. “बाबा, उठू का?” त्याने विचारलं.

मुलगी वारज्याला घरी पोचेपर्यंत हसत होती. मीही हसलो, कारण हसण्यासारखंच होतं. पण आतून काहीतरी हललं होतं. ते काय, हे सांगायचं तर आधी गोष्ट सांगावी लागेल, आणि आमच्या घरात ही गोष्ट सांगायला मला आता सरळ बंदी आहे. तुम्ही पहिल्यांदाच ऐकताय म्हणून सांगतो.

मी तिसरी-चौथीत असताना आम्ही बिबवेवाडीला राहायचो. वडील मार्केट यार्डात एका अडत्याकडे होते आणि कांद्याच्या गाड्यांबरोबर आठवड्यातले तीन-चार दिवस बाहेरगावी असायचे. आई शुक्रवारातल्या एका छापखान्यात कामाला होती. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या, शिवायच्या, खळ लावायची. माझी शाळा छापखान्याच्या जवळच, पण ती सुटायची पाचला आणि आई सुटायची सातला. घरी एकटं पाठवायची तिची तयारी नव्हती आणि छापखान्यात मूल आणलेलं मालकांना चालत नव्हतं. मधले दोन तास मी वाचनगृहाच्या पायऱ्यांवर काढायचो.

वाचनगृह म्हणजे काळ्या दगडाची बसकी इमारत, इंग्रजांच्या काळातली. आत लांबलचक टेबलं आणि त्यांवर वाकलेली, पेपर वाचणारी माणसं. मुलांना प्रवेश नव्हता. दारावर ‘पायऱ्यांवर बसू नये’ अशी पाटी होती आणि मी बरोब्बर तिच्याखाली बसायचो. पहिल्याच दिवशी तिथल्या शिपायाने मला उठवलं. आईने त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी त्याने निवाडा दिला की पाटी वरच्या पायऱ्यांना लागू आहे, खालच्या तीन रस्त्यात धरायला हरकत नाही. म्हणून माझी जागा तिसरी पायरी. खालून मोजून.

आणि आता गोष्टीचा मुख्य भाग. आईने मला सांगून ठेवलं होतं, “मी वरून खिडकीतून बघत असते तुझ्याकडे. जागा सोडून गेलास की लगेच कळतं मला.” समोरच्या इमारतीला दुसऱ्या मजल्यावर हिरव्या रंगाची एक खिडकी होती. मी विचारलं, “ती का?” आई म्हणाली, “हो, तीच.” झालं. दोन वर्षं मी त्या खिडकीच्या नजरेत राहिलो. पाढे म्हटले, नाकात बोट घातलं नाही, एकदा एका माणसाने लिमलेटची गोळी देऊ केली ती खिडकीकडे बघून परत केली. मधूनमधून हात करायचो. उत्तर यायचं नाही, पण आई कामात असायची, तिला कुठे वेळ. एकटं म्हणून कधी वाटलं नाही. बाकीची मुलं आया घरी असून रस्त्यात भटकत होती. माझी आई कामावर असूनही डोळ्यांत तेल घालून माझ्याकडे बघत होती. या गोष्टीचा मला गर्व होता, आणि परवापर्यंत होता.

मी चौथी पास झालो, बिबवेवाडीतल्याच शाळेत गेलो, वाचनगृह रस्तारुंदीत गेलं, छापखानाही पुढे बंद पडला. मोठा झाल्यावर मी ही गोष्ट बारशांना, केळवणांना, दिवाळीच्या फराळाला सांगत आलो. आई असताना तिच्यासमोरही सांगायचो. आता आठवतं ते असं, की मी गोष्टीत खिडकीपाशी आलो की आई उठायची. गॅसवर दूध आहे म्हणायची. दर वेळी नेमकं तिथेच दूध उतू जायला यायचं.

आईला जाऊन आता दोन वर्षं होतील.

तर प्रश्न पायऱ्यांचा नव्हता, प्रश्न खिडकीचा होता. छापखाना कुठे होता हे मला पक्कं माहीत होतं. ती इमारत अजून उभी आहे, बसस्टॉपच्या समोर, खाली आता चष्म्यांचं दुकान आहे. वाचनगृह बसस्टॉपपाशी असेल तर खिडकी समोर येते आणि सगळं जुळतं. पण ते आजोबा म्हणतात तसं पलीकडच्या रस्त्याला असेल, तर मधे सगळी घरं येतात. मग मी दोन वर्षं कुणाच्या खिडकीकडे बघत होतो?

मंगळवारी मुलगी-जावई गेले. घर एकदम मोठं झालं. सोफ्यावर जावयाने विसरलेली चार्जरची वायर पडलेली, तिच्याकडे बघत मी ठरवलं की आजोबांना खोटं पाडायचं.

पहिला शनिवार भूमापन कार्यालयात गेला. खिडकीतल्या बाईंना म्हटलं, एका जुन्या इमारतीची जागा शोधायची आहे.

“सिटी सर्व्हे नंबर सांगा.”

“तोच शोधतोय.”

“मग शोधा आणि या,” त्या म्हणाल्या आणि माझ्या मागच्या माणसाचे कागद घेतले. यात त्यांची चूक काही नाही. पुण्यात जागेचा पत्ता ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच तो मिळतो.

दुसऱ्या शनिवारी एका ग्रंथालयात पेठेचा जुना नकाशा बघितला. नकाशा एवढा बारीक की भिंगाखाली धरला तरी दोन्ही रस्त्यांना सारखेच चौकोन, आणि कशावरच नाव नाही. तिसऱ्या आठवड्यात मी माणसांना विचारत सुटलो. फुलवाल्या मावशी, पिठाच्या गिरणीतले काका, पेपरवाला. ज्याला विचारावं तो तोंड न उघडता बसस्टॉपकडे बोट दाखवी. मला बरं वाटे. मग विचारावं, “तुम्ही पाहिलंय का ते?” तर उत्तर येई, “नाही बुवा, पण नाव आहे ना स्टॉपला.”

चौथ्या वेळी हे उत्तर आलं तेव्हा लक्षात आलं की मीसुद्धा वाचनगृह तिथे ठेवलं होतं ते स्टॉपच्या नावावरूनच.

संध्याकाळी घरी परतताना सिंहगड रस्त्याच्या गर्दीत गाडीवर थांबलेलो असताना मी मनातल्या मनात साक्षीदार शोधत बसायचो. वडील आईच्या आधी गेले. मावशी गेली. शिपाई त्या वेळीच म्हातारा होता. शाळेतल्या कुणाशी संबंध राहिला नाही. फोनमध्ये सव्वापाचशे नंबर आहेत, पण पायरीवर बसलेल्या त्या पोराला ओळखणारं त्यात एकही नाही. आई असेपर्यंत मी काय वाटेल ते सांगू शकत होतो, कारण खोटं ठरवायला कुणीतरी होतं. आता मला खोटं पाडायलाही कुणी नाही, फक्त गॅलरीतले ते आजोबा सोडले तर.

बायको या सगळ्याकडे लांबून बघत होती. एकदा एवढंच म्हणाली, “शनिवारचा दळणाचा डबा नेणार होतात. वाचनगृह पळून जाणार आहे का?”

“ते गेलंच आहे,” मी म्हणालो.

“मग तर घाईच नाही.”

शेवटी पाचव्या शनिवारी मी हार मानली आणि मॅचिंग सेंटरच्या समोरचा जिना चढून आजोबांकडे गेलो. दार उघडं होतं. मी कडी वाजवली.

“या. दार उघडंच असतं,” ते आतून म्हणाले. “कुणी येत नाही म्हणून.”

त्यांनी मला लगेच ओळखलं. “जावयाला बसवणारे तुम्हीच ना?” मी हो म्हणालो. “बसा. दिवसाला एक तरी चुकीचं दाखवणारा येतोच खाली. परवा एक शाळाच आली होती, शिक्षिका मुलांना शेजारचं मंगल कार्यालय हजार वर्षांपूर्वीचं म्हणून सांगत होत्या.”

“तुम्ही सगळ्यांना सांगता?”

“माझं दुसरं काय काम आहे?”

ते एका सरकारी खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झाले होते. नकाशे काढणं हेच आयुष्यभराचं काम. पलंगाखालून त्यांनी पत्र्याची एक नळकांडी काढली आणि तिच्यातून एक निळसर कागद बाहेर ओढला. कडा कुरतडलेल्या होत्या. चार कोपऱ्यांवर चष्म्याची केस, तपकिरीची डबी, रिमोट आणि औषधाची बाटली ठेवून त्यांनी तो जमिनीवर पसरला. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो. त्यांना खाली बसायला वेळ लागला आणि मलाही लागला, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

“हा रस्तारुंदीचा नकाशा. माझ्या हातचा आहे.” त्यांनी बोट ठेवलं. पलीकडच्या रस्त्याला एक आयत होता, त्याच्या पुढच्या अंगाला पाच बारीक रेघा. पायऱ्या. त्या रेघांच्या आणि अर्ध्या आयताच्या मधून एक जाड रेघ सरळ गेली होती.

“ही रेघ माझी,” ते म्हणाले. “पाडायला कोण आलं ते मला माहीत नाही. मी गेलो नाही बघायला. ऑफिस सुटल्यावर रोज तिथेच पेपर वाचायचो मी.”

मग त्यांनी बसस्टॉपचा उलगडा केला. रस्ता रुंद झाल्यावर तो एकमार्गी झाला. स्वारगेटकडे जाणाऱ्या बस तिथून जात राहिल्या आणि परत येणाऱ्या या बाजूच्या रस्त्याने वळवल्या. दोन्ही रस्त्यांना स्टॉप, दोन्हीचं नाव वाचनगृह. पुढे तिकडचा स्टॉप उचलला आणि हा राहिला. “म्हणजे एक इमारत पाडली आणि तिचं नाव दुसऱ्या रस्त्याला राहायला आलं. लोक नावापाशी उभे राहतात. तुम्ही एकटे नाही.”

मी नकाशावर छापखाना शोधला. चौकोन या रस्त्याला होता. तिथून पायऱ्यांच्या पाच रेघांपर्यंत मी बोट सरकवलं. बोट सरळ गेलं, पण बोटाखाली घरं होती.

“इथून,” मी विचारलं, “या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पायऱ्या दिसायच्या का?”

त्यांनी पट्टी आणली. ती नीट दोन ठिपक्यांवर ठेवली. “मधे चार घरं आणि एक चिंच. कशा दिसणार?”

“मागच्या बाजूची खिडकी असेल तर?”

“मागची बाजू म्हणजे शेजारच्याची भिंत. हे बघा.” मी बघितलं. ते पट्टी उचलेनात. तशीच धरून म्हणाले, “कुणाला बघायचं होतं?”

“कुणाला नाही,” मी म्हणालो.

त्यांनी नकाशाची गुंडाळी केली. मी उठायला लागलो तर म्हणाले, “पुढच्या शनिवारी या. मंडईच्या बाजूचाही नकाशा आहे.” मी येतो म्हणालो, आणि जिना उतरताना मला एक गोष्ट आठवली, जी मी कधी कुणाला सांगितलेली नव्हती. विसरलो होतो म्हणून नव्हे. गोष्टीत बसत नव्हती म्हणून.

सात वाजता आई समोरून यायची नाही. ती उजवीकडच्या बोळातून यायची. जवळजवळ पळत. बोटांवर सुकलेली खळ खरवडत ती बोळाच्या तोंडाशी यायची आणि आधी थांबायची. तिसऱ्या पायरीकडे बघायची. मी दिसलो की मग चालत यायची.

समोरच्या इमारतीतली बाई बोळातून कशाला येईल? आणि खिडकीतून दोन तास बघत असलेली बाई बोळाच्या तोंडाशी थांबून काय बघेल?

मी घरी गेलो नाही. दुपारचे दोन वाजले होते, पेठेतली दुकानं जेवायला बंद झाली होती. बोळातून पलीकडच्या रस्त्याला गेलो. बोळ अजून आहे, दोन माणसं शेजारून जाऊ शकत नाहीत एवढाच. पावलं मोजली. वाचनगृहाचा मागचा अर्धा भाग जिथे असायला हवा तिथे आता दुचाक्यांचा वाहनतळ आहे. पुढचा अर्धा रस्ता आहे. पायऱ्या रस्त्याच्या पहिल्या लेनमध्ये आल्या. खालून तिसरी पायरी साधारण झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे.

गाड्या थांबल्या तशी मी तिथे जाऊन उभा राहिलो. समोर वर बघितलं. खिडकी होती. रंग उडालेला, पण कोपऱ्यात हिरवा शिल्लक.

“काका, मरायचंय का?” एका स्कूटरवालीने वळसा घालत विचारलं. मी फुटपाथवर आलो.

त्या इमारतीच्या खाली भांड्यांचं दुकान आहे. एकच फळी उघडी होती आणि मालक आत डबा खात होते. वरती पूर्वी काय होतं, मी विचारलं.

“आमचंच गोदाम. आजोबांपासून.”

“वर कुणी बसायचं का? कामाला?”

“हंडे-घागरी,” ते घास गिळून म्हणाले. “माणसाला जागा कुठे तिथे.”

म्हणजे दोन वर्षं मी हंड्यांना आणि घागरींना हात करत होतो. लिमलेटची गोळी मी तपेल्यांना घाबरून परत केली होती. मला खरंच हसू आलं, आणि ते ज्याला सांगावं असं त्या रस्त्यावर कुणी नव्हतं. मी वाहनतळाच्या कठड्यावर बसलो. कितीतरी वेळ बसलो. आठ-नऊ वर्षांचा असताना मला जे वाटलं नव्हतं ते सगळं आता वाटत होतं. पाच वाजता शाळा सुटलेली, सातला अजून दोन तास, आणि वर कुणी नाही. कुणीच नव्हतं कधी. मी फक्त शहाण्यासारखा बसलो होतो.

आणि पलीकडे चार घरं आणि एका चिंचेच्या मागे ती कागद दुमडत होती. तिलाही काही दिसत नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा बायको मेथी निवडत होती. मी पाणी प्यायलो आणि तिला सगळं सांगितलं. नकाशा, पट्टी, चार घरं, घागरी. शेवटी म्हणालो, “आईने मला फसवलं गं. तिला मी दिसतच नव्हतो.”

तिने मेथीची काडी मोडली. “दिसत असतं तर सांगावं कशाला लागलं असतं?”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसतं, अहो?” तिने विचारलं.

एकवीस-बावीस वर्षं त्या घरात राहतोय, तरी मला आठवायला लागलं. “शेजारच्या बिल्डिंगचे पाइप.”

“आणि आपली लेक स्कूलबससाठी कोपऱ्यावर उभी राहायची तेव्हा मी तिला काय सांगून पाठवायचे, पहिलीपासून दहावीपर्यंत?” तिने जुडीतली शेवटची काडी उचलली. “तेवढा नकाशा तिला काढून दाखवू नका.”